चांगला बूस्टर

त्या जुन्या ट्रकच्या मूळ बूस्टरचा आतला रबरी पडदा फाटलाच होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं. बूस्टर म्हणजे ड्रायव्हरच्या पायाला इंजिनचा जोर देणारा डबा. तो गेला की ब्रेक दाबताना घाम फुटतो. नवा बसवला. दादा म्हणाला, पेडल अजून दगडच आहे. तोही बदलला. तरी रड तीच.

आमच्या गॅरेजात वडिलांपासूनचा नियम आहे: मिस्त्रीने ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं नाही. ब्रेक कसा लागतो ते ड्रायव्हर सांगेल, मिस्त्रीने ऐकायचं. त्यातून ड्रायव्हर माझा थोरला भाऊ. तो वर, मी बॉनेटखाली.

"इंजिन बंद कर. चार-पाचदा दाब. आता पाय ठेवूनच स्टार्ट कर. पेडल आपोआप खाली बसलं?"

"छे! हलत नाही."

"नीट बघ रे दादा."

"पंचवीस वर्षं काय झक मारली का मी?"

उद्या माल भरून घाट उतरायचा होता. ट्रकमालकाचे सकाळपासून तीन फोन झाले होते. दादा नळावर पाणी प्यायला गेला आणि माझं डोकं सटकलं. नियम गेला खड्ड्यात, म्हणत मी त्याच्या सीटवर चढलो. पेडल चार-पाचदा दाबलं, पाय ठेवून स्टार्टर मारला. पेडल पायाखाली लोण्यासारखं खाली गेलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हणजे बूस्टर ठणठणीत होता.

काचेतून दादा येताना दिसला. उजवा पाय किंचित फरफटत होता. पायरीपाशी तो थांबला, गुडघ्यापाशी पँट मुठीत धरली आणि हाताने पाय उचलून पायरीवर ठेवला. महिनाभर हा माणूस माझ्यासमोर चढत-उतरत होता, आणि मी गाढव बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो होतो.

मला त्याच्या सीटवर बघून तो चिडला नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"मऊ आहे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मला वाटलं, गाडीच असेल."

तेवढ्यात मालकाचा चौथा फोन आला. इकडे आड, तिकडे विहीर. गाडी तयार म्हणालो तर दादा तो पाय घेऊन घाट उतरणार. खरं बोललो तर उद्या या सीटवर दुसराच बसणार, आणि एक रविवारसुद्धा घरात न टिकणारा माझा भाऊ जन्मभर भिंतीकडे बघत बसणार. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाही झाली," मी फोनवर म्हणालो. "हाही बूस्टर खराब निघाला. दोन दिवस लागतील."

मग डॅशबोर्डखाली उताणा शिरलो आणि त्या चांगल्या बूस्टरचे चार नट खोलायला घेतले. दादाने बॅटरीचा उजेड धरला. मला रडू येत होतं आणि त्या रडू येण्याचा रागही येत होता.

"आणि दोन दिवसांनी?" दादाने विचारलं.

"तो लहान पाना दे," मी म्हणालो.

त्याने दिला. कालच आवळलेले नट, लगेच सुटत होते.