मी बघते

बोलता न येणाऱ्यांसाठी ते सॉफ्टवेअर होतं. एका बोटाने लिहायचं, बटण दाबायचं, की यंत्र मोठ्याने बोलणार. फुकट, सगळ्यांसाठी खुलं, आणि चालवणारी चार माणसंही आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकटच राबणारी. कुणाचं काही अडलं की त्याने ते प्रकल्पाच्या पानावर लिहायचं आणि ज्याची पाळी असेल त्याने उत्तर द्यायचं. एकदा दोघांनी एकाच माणसाला दोन सल्ले देऊन त्याच्या यंत्राचे पार बारा वाजवले होते. तेव्हापासून चौघांतल्या ताईने नियमच करून टाकला: एकाने ‘मी बघतो’ म्हटलं की दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही.

ताई विमा कंपनीत हिशेबनीस. नियमांची तिला भारी हौस. त्या दिवशी पाळी तिचीच होती. सकाळी डबा भरता भरता तिने मोबाइलवर एका बाईची तक्रार वाचली. ‘नवीन आवृत्ती टाकल्यापासून बाबांचं यंत्र गप्प आहे. बटण दाबलं की लिहिलेलं पडद्यावरून जातं, पण आवाज येत नाही. मी शेजारच्या खोलीत शिवणकाम करते, हाक ऐकू आली तरच कळतं. त्यांची तब्येत बरी नाही. लवकर सांगाल का?’

ताईने ‘मी बघते’ लिहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. बघणार होतीच ती, खोटं कशाला बोला. पण ऑफिसात तपासनीस येऊन बसलेले, साहेबांनी मान वर करू दिली नाही, आणि घरी आल्यावर जी आडवी झाली ती थेट सकाळीच उठली. उठल्या उठल्या आठवलं.

तिने चौघांतल्याच दाढीवाल्याला फोन लावला. आवाजाचा भाग त्यानेच लिहिलेला.

“अगं, सेटिंगमधली एक खूण काढायची, बस. कालच बघितलं मी ते,” तो म्हणाला.

“मग सांगितलं का नाहीस त्यांना?”

“तू घेतलं होतंस ना. मला वाटलं, तुझं बोलणं चाललंय त्यांच्याशी.”

ताईला त्याचा राग आला, आणि रागवायला आपल्याला तोंड नाही हेही कळलं. तिने उत्तर लिहिलं. एका ओळीचं तर काम.

 मग बाईने लिहिलं, ‘बाबा पहाटे गेले. तुमचं उत्तर दिसलं म्हणून खूण काढून बघितली. कालपासून त्यांनी जे जे लिहिलं होतं, ते यंत्र आता एकामागून एक बोलतंय. हे थांबवायचं कसं?’

ताईला रडू फुटलं. रडतच तिने लिहिलं, ‘वरचं लाल बटण दाबा. चूक माझी आहे. मला क्षमा करा.’



‘दाबत नाही,’ बाईने लिहिलं. ‘पाणी मागतायत. ऐकून घेते.’