चार बोटांची फट

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे, कोळशाची. थंडीत मला पाहिले की माणसांचे हात आपोआप पुढे होतात आणि चेहऱ्यावर हसू येते. तुम्हीही शेकायला आला असाल तर खुशाल बसा. पण बसण्याआधी एकदा मागे वळून दार बघून घ्या. ते कशासाठी, हेच तर मला सांगायचे आहे.

तेलाच्या एका रिकाम्या पिंपातून माझा जन्म झाला. लोहाराने पत्रा कापला, ठोकून ठोकून गोल केला, पोटात मातीचा जाड लेप दिला आणि मध्ये जाळी बसवली. वर निखाऱ्यांची जागा, खाली राखेचा कप्पा, आणि त्या कप्प्याला पुढून एक चौकोनी तोंड. या तोंडातून हवा आत येते. कोळसा थोडा कमी मिळाला तर माझे भागते, पण हवा कमी पडली तर माझे काही खरे नसते. उपाशी राहिले की मी लगेच विझून जात नाही, हे माझे दुर्दैव. मी धुमसत राहते, आणि माझ्या श्वासातून एक विष बाहेर पडू लागते. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणारा धूर नाही. माणसाला फक्त गुंगी येते आणि फार बरे वाटू लागते.

मला विकत घ्यायला एक तरुण रंगारी आला होता. सूत रंगवायचा त्याचा धंदा. मला त्याच्या हातात देताना लोहार म्हणाला, "हिला उघड्यावरच ठेव. घरात न्यायची वेळ आलीच, तर दार चार बोटं उघडं राहू दे. बंद खोलीत ही कुणाला ओळखत नाही."

मी नवी कोरी होते. चारचौघांत अशी बदनामी झाली म्हणून मला लोहाराचा भारी राग आला. तरुणाने मात्र आपली चार बोटे जुळवून डोळ्यांसमोर धरली, जणू फट मापून पाहिली, आणि मान हलवली.

माझी उमेदीची वर्षे त्याच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्र्याचे छप्पर. भिंती नव्हत्याच, त्यामुळे वारा चारही बाजूंनी यायचा आणि मी पोटभर जेवायची. माझ्या डोक्यावर रंगाचे पातेले उकळत असे. रंगारी लांब काठीवर सुताच्या लडी घेऊन त्यात बुडवायचा, उलटवायचा, पुन्हा बुडवायचा. पांढरी फटक लड आत जायची आणि डाळिंबी होऊन बाहेर यायची. कधी हळदी, कधी मोरपंखी, कधी गर्द निळी. येणारे जाणारे माझ्यापाशी घटकाभर थांबायचे, हात शेकायचे आणि म्हणायचे, काय छान शेगडी आहे हो. रंगारी लगेच माझ्या पत्र्यावर थाप मारायचा. मला तेव्हा आभाळ ठेंगणे झाले होते.

पण दिवस सारखे राहत नाहीत. रंगारी म्हातारा झाला. कारखाना त्याच्या मुलाच्या हाती आला आणि मुलाने गॅसची मोठी चूल आणली. मला कोपऱ्यात सरकवले. माझ्या पोटात आधी गंजके खिळे पडले, मग सुतळीचे तुकडे, आणि शेवटी एका मांजरीने तिथेच आपला संसार थाटला. मी कुणाकडे तक्रार करणार?

या वर्षी मात्र थंडीने कहर केला. सकाळी पाण्याच्या हौदावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला. ऊन दिसायचे, पण त्यात जीव नसायचा. दोरीवरच्या लडी दिवसचे दिवस ओल्याच राहू लागल्या आणि त्यांना कुबट वास येऊ लागला. मग मुलाला माझी आठवण झाली. त्याने मांजरीला हाकलले, मला घासूनपुसून घेतले आणि लडी वाळवायला थेट घरात, बैठकीच्या खोलीत आणून ठेवले. माझे नशीब फळफळले, असे मला वाटले.

त्या घरात चार माणसे. म्हातारा रंगारी, म्हणजे आता आजोबा. मुलगा, सून आणि त्यांची एक मुलगी. ती डोळे उघडल्यापासून बोलायला सुरुवात करायची, म्हणून सगळे तिला बडबडी म्हणत. ती माझ्याशीही बोलायची. मला थंडी वाजते का, राख खाऊन माझे पोट दुखते का, असे काय काय विचारायची.

काय सांगू तुम्हाला त्या पहिल्या दिवसांची मजा! बाहेर रस्ता करडा, झाडे करडी, माणसांचे चेहरेसुद्धा करडे. आणि आमच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर लडीच लडी. शेंदरी, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या. माझ्या उजेडात त्या इतक्या खुलून दिसायच्या की सून हातातले काम टाकून बघत राहायची. दुपारी सगळे माझ्याभोवती जमायचे. मी बटाटे भाजून द्यायची. वरचे साल काळे ठिक्कर आणि आत पिठूळ. त्यावर मीठ टाकून ते फुंकर मारत खायचे. सून एकदा म्हणाली की एवढे सुख असेल तर हिवाळा बारा महिने राहिला तरी तिची हरकत नाही. माझ्या जन्मात माझे एवढे कौतुक झाले नव्हते.

आणि इथूनच सगळे बिघडत गेले, मित्रांनो. माणसाला ऊब आवडली की तो ती सांडू नये म्हणून जपायला लागतो. सुनेच्या हाताला कला होती. खिडकीच्या फटीतून गार वारा येतो म्हणून तिने उरल्यासुरल्या सुताच्या रंगीत वेण्या घातल्या आणि फटीत ठासून बसवल्या. फार सुंदर दिसत होत्या त्या. वरच्या झरोक्याला बडबडीने पुठ्ठ्यावर रंगवलेला एक हसरा सूर्य चिकटवला. त्याचीही सगळ्यांनी वाहवा केली. मग सुनेने चिंध्या भरून एक लांबलचक कापडी साप शिवला, त्याला मण्यांचे डोळे लावले आणि दाराखालच्या फटीला टेकवून ठेवला. खोली एकेका वस्तूने सजत होती आणि एकेका फटीने बंद होत होती. माझ्या तोंडाशी येणारी हवा रोज थोडी पातळ होत चालली होती. मी घाबरले. लोहाराचे बोलणे मला आता आठवू लागले होते, आणि त्यात बदनामी कसलीच नव्हती.

आम्हाला वाचवत होती ती आजोबांची खोड. आजोबा कधी दार पूर्ण लावायचे नाहीत. आत आले, बाहेर गेले, की दार चार बोटे उघडे ठेवायचेच. त्यावरून घरात रोज खटके उडायचे. सून कुरकुरायची, मुलगा वैतागायचा, एवढा कोळसा जाळून गल्ली गरम करायची का म्हणून विचारायचा. आजोबा डोके खाजवत म्हणायचे, असंच, सवय आहे. ते खोटे बोलत नव्हते. इतक्या वर्षांत लोहारही विसरला होता आणि त्याचे बोलणेही. हाताला मात्र तेवढे माप लक्षात राहिले होते. बडबडी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. कमरेत वाकून, चार बोटे दारात घालून, डोके खाजवून. सगळे पोट धरून हसायचे.

एके दिवशी मुलाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि दार व चौकट यांच्यामध्ये आतून ताणून ठोकली. आता दार उघडून सोडले की आपले आपण धाडकन लागायचे. मुलगा खूश झाला. त्याने दार चारपाच वेळा उघडून दाखवले. आजोबा मात्र हसले नाहीत. "माझ्या घरात मलाच दार लावायला शिकवता," एवढे बोलून त्यांनी मफलर गुंडाळला आणि ते रुसून कारखान्यात जाऊन बसले.

दार लागले. मी पाहिले, आता कुठे केसभरही फट उरली नव्हती.

आधी भिंतीवरची पाल पडली. उबेला आलेली होती बिचारी. टप्प आवाज झाला, पण कुणी पाहिले नाही. मग मुलाने जांभई दिली आणि तो सतरंजीवर आडवा झाला. सून सुताचा गुंता सोडवत होती. तिने दोनदा कपाळ दाबले, हातातले सूत खाली ठेवले आणि भिंतीला टेकून बसली. माझे निखारे काळपट लाल पडले होते, त्यांच्यावर राखेचा थर चढला होता. मला श्वास पुरत नव्हता, आणि जो सोडत होते तो तसला होता. आईला चिकटून बसलेली बडबडी दाराखालच्या कापडी सापाला गोष्ट सांगत होती. ती मध्येच थांबली. वाक्य अर्धेच राहिले.

सुनेने तिच्याकडे मान वळवली. मुलगी आईच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती, गाल लालबुंद. "अहो, बघा ना, किती छान रंग चढलाय हिच्या गालांना," सून हळूच म्हणाली. "आज गप्पगुमान झोपली एकदाची." मग तिचेही डोळे मिटले.

मित्रांनो, मी पेटलेली होते आणि मला हात नव्हते. पाणी ओतून घ्यावे तर ते जमेना, ओरडावे तर तोंड असून आवाज नाही. त्या रंगीबेरंगी खोलीत मी एकटी जागी होते.

किती वेळ गेला ते मला कळले नाही. दार ढकलले गेले आणि आजोबा आत आले. त्यांच्या मागे दार धाडकन बंद झाले. माझा धीर सुटला. आता हेही बसणार, असे वाटले. पण आजोबांचे लक्ष ना मुलाकडे होते ना सुनेकडे. त्यांचे भांडण त्या दाराशी होते. त्यांनी दार चार बोटे उघडले, ते लागले. पुन्हा उघडले, पुन्हा लागले. कापडी साप त्यांनी लाथेने उडवला. तोंडाने काहीतरी पुटपुटत त्यांनी शेवटी खुर्ची ओढली, दार सताड उघडून ती उंबऱ्यावर ठेवली आणि पाठीने दार अडवून हट्टाने तिथेच बसले. गार वारा सरळ आत शिरला. माझे निखारे तरारून उठले. मी तो वारा घटाघटा प्यायले.

खूप वेळाने सतरंजीवरून घोगरा आवाज आला, "दार कुणी उघडं टाकलं?"

जन्मात ऐकलेले सर्वांत गोड बोलणे होते ते. सून उठली आणि तिला भडाभडा उलटी झाली. बडबडी मात्र उठेना. मुलाने तिला उचलले, हाका मारल्या, तिची मान कलंडत होती. तो धडपडत दाराशी गेला आणि त्याने तिला आजोबांच्या मांडीवर ठेवले. आजोबा गारठलेल्या हातांनी तिचे गाल चोळत राहिले. शेवटी ती हलली, रडली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचे हात किती गार आहेत."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सगळ्यांनी मिळून ठरवले की दोष बटाट्यांचा. त्यांना कोंब आले होते, तेच बाधले. बटाटे उकिरड्यावर गेले. पाल केराबरोबर गेली. मला कुणी काही बोलले नाही. उलट सुनेने माझी राख काढली आणि नवे कोळसे भरले.

त्या दिवशी वाऱ्यात बसून आजोबांच्या छातीत थंडी भरली. आता ते अंथरुणाला खिळले आहेत. बोलायला गेले की खोकल्याची उबळ येते. मुलाला वाईट वाटते, म्हणून त्याने त्यांची खाट प्रेमाने माझ्या अगदी शेजारी आणली आहे. ट्यूबची पट्टी सैल झाली होती, ती नवीन ठोकली आहे. वेण्या खिडकीत आहेत, सूर्य झरोक्यात हसतो आहे.

आज सकाळपासून आजोबा माझ्याकडे टक लावून बघत होते. दुपारी मी पेटले आणि त्यांच्या नजरेत काहीतरी जागे झाले. लोहार आठवला असावा. त्यांनी हात उचलला आणि चार बोटे जुळवून दाखवली. सुनेला वाटले, त्यांना हात शेकायचे आहेत. "थांबा हं बाबा," म्हणून तिने मला आणखी जवळ ओढले. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आले. ते तिने पदराने पुसले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

बडबडीने ती बोटे पाहिली. नकलेचा खेळ तिला पाठच होता. ती दाराशी गेली, कमरेत वाकली, दार ओढून आपली चार बोटे फटीत घातली. पट्टीने दार ओढले, बोटे चेमटली, ती कळवळली. मग तिने इकडेतिकडे पाहिले, सुताचे एक रिकामे लाकडी रीळ उचलले आणि बोटांच्या जागी फटीत अडकवले. आजोबांकडे वळून तिने डोके खाजवून दाखवले. हो म्हटल्यासारखे आजोबांनी डोळे मिटून उघडले, आणि हवेची एक बारीक धार माझ्यापर्यंत आली.

आता स्वयंपाकघरातून सून म्हणते आहे की कुठून तरी गार वारा लागतोय. तिची पावले वाजत आहेत. मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, आवाज आहे. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात, शेजाऱ्यांच्या घरात पेटत असेल, तर आत्ता उठा आणि दार उघडा. आणि दारात असे एखादे रीळ अडकवलेले दिसले, तर ते काढू नका.