मधल्या बर्नरचं बटण

मुलाने खिशातून शेगडीचं एक बटण काढलं, मधल्या बर्नरच्या दांडीवर दाबून बसवलं आणि मागे सरकला.

"कर आता, आई. घाई नको करूस."

घाई तीन आठवड्यांपूर्वी त्यानेच केली होती. एक भांडं जळलं, शेजारणीने फोन केला आणि त्याने त्याच दिवशी शेगडीची तिन्ही बटणं उपटून नेली. तेव्हापासून डबा येत होता. आज दवाखान्यातून एक तरुण बाई तपासणीला आली होती. तिच्यासमोर बटाटे उकडून दाखवायचे. जमलं, तर आईने आपल्या घरात एकटीने राहायचं. नाही जमलं, तर पहिल्या तारखेपासून वृद्धाश्रमात. तिथली खोली मुलाने बघूनही ठेवली होती.

"आजी, आधी पाणी उकळून घ्यायचं का?" तपासणीची बाई लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली.

"गार पाण्यातच घालायचे. उकळत्यात टाकले की बाहेर गाळ आणि आत दगड. आणि आजी नका म्हणू. तीस वर्षं वसतिगृहात दोनशे पोरींना जेवू घातलंय. सगळ्या मावशी म्हणायच्या."

बाईने कागदावर काहीतरी लिहिलं. मावशींना ते मुळीच आवडलं नाही.

त्यांनी टोपलीतून एका मापाचे चार बटाटे निवडले, एक थोराड होता तो नाक मुरडून परत टाकला. सालीसकट धुतले, पातेल्यात घातले, बुडतील इतकं पाणी आणि वर चमचाभर मीठ. लायटरच्या पहिल्या खटक्याला गॅस पेटला नाही. मुलगा पुढे झाला, तसं त्यांनी त्याला कोपराने दूर सारलं. उकळी फुटताच आच बारीक केली. खदखदत्या पाण्यात साल फाटते आणि बटाट्यात पाणी शिरतं, हे त्यांनी कितीजणींना ओरडून शिकवलं होतं. बऱ्याच वेळाने सुरीचं टोक खुपसलं. मध्यभागी ते जरासं अडलं. मावशींनी गॅस बंद केला आणि झाकण ठेवलं.

तपासणीच्या बाईने झाकण उचलून स्वतः सुरी टोचून बघितली.

"आत कडक आहे, मावशी. गॅस लवकर बंद झाला का?"

"हेच सांगत होतो मी," मुलगा म्हणाला. "लक्षात राहत नाही तिच्या."

मावशींचं डोकं फिरलं.

"भांडं जळलं ते खरं. डोळा लागला होता माझा. तुझ्या हातून इथे किती जळली, ते मी कुणाला फोन करून सांगितलं नाही." त्यांनी बाईच्या हातातून झाकण घेऊन पातेल्यावर दाबून बसवलं. "उरलेलं त्या गरम पाण्यातच शिजतं. थांबा आता."

"आई, त्यांना पुढच्या घरी जायचंय."

"आधी माझं घर."

त्या स्टुलावर ताठ बसल्या. तीन आठवडे शेगडीला हात नव्हता. अंदाज चुकला असेल तर? मधूनमधून त्या झाकणावर तळवा टेकवून बघत आणि चटका बसला की उचलत. अखेर तळवा झाकणावर टेकून राहिला, तेव्हा त्यांनी सुरी बाईच्याच हातात दिली.

सुरी आरपार गेली. मावशींनी त्या बटाट्याची साल चिमटीत धरून ओढली, ती सबंध निघून आली. बाईने एक फोड फुंकर मारून तोंडात टाकली आणि उभ्या उभ्याच कागदावर सही केली.

"आमच्याकडे नेहमी फुटतात हो," ती दारात चप्पल घालताना म्हणाली.

दार लागलं. मुलाने सवयीने शेगडीच्या बटणाला हात घातला. मावशींनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"ते राहू दे. बाकीची दोन कुठेत?"

"घरी."

"म्हणजे एकच घेऊन आलास."

मावशींनी एक बटाटा सोलून त्याच्यासाठी ताटलीत ठेवला, मीठ भुरभुरवलं आणि वर झाकण घातलं.

"संध्याकाळी आणतो, आई."

"आत्ता आण. हा गार व्हायच्या आत ये."

तो पायात बूट चढवू लागला.