शिरेवरचं बोट

वॉर्डात तिला सगळे वेधशाळा म्हणत. खऱ्या वेधशाळेचे अंदाज कसे असतात हे ठाऊक असूनही ती ते नाव हसून घेई, कारण तिचा अंदाज कधी चुकत नसे. सलाइनची सुई हातात राहिली की कधी कधी शीर सुजते, तिच्या वाटेवर लाल रेघ उमटते, हात ठणकायला लागतो. कुणाची शीर कितव्या दिवशी सुजेल हे आधी कळावं म्हणून छोट्या डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं एक तक्ता केला होता. वय, औषध, सुईची जाडी, सुई मनगटाला की कोपराला, असे त्यात रकाने होते, आणि शेवटचा रकाना गमतीनं तिच्यासाठी ठेवला होता. ती सुईच्या जरा वर आपलं एक बोट टेकवायची, क्षणभर खिडकीबाहेर बघायची आणि आकडा सांगायची. तीन महिन्यांत डॉक्टरांचं गणित तोंडावर आपटलं आणि तिचा रकाना तेवढा खरा ठरत गेला.

"सिस्टर, बोटाला नेमकं काय लागतं?" ते विचारत.

"सवय हो. वीस वर्षं सुया टोचतेय," म्हणून ती वेळ मारून नेई.

खरं सांगितलं असतं तर तिलाच एखाद्या कॉटवर झोपवलं असतं. पेशंटचा हात गादीवर निपचित पडलेला असला तरी तिच्या बोटाला तो कोपरापासून वर गेलेला लागायचा, मारायला उगारलेला, आणि किती दिवसांनी तो खाली येणार हेही त्याच स्पर्शात कळायचं.

बरेच दिवस तिनं हे मनावर घेतलं नाही. मग नवव्या कॉटवर एक ट्रकवाला आला. मुखदुर्बळ माणूस, पाणी मागतानाही संकोचणारा. तिनं तक्त्यात त्याच्यापुढे तीन लिहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची शीर लाल झाली आणि त्याच हातानं त्यानं सलाइनचा स्टँड उचलून उशाशी बसलेल्या म्हाताऱ्या बापाच्या तोंडावर घातला. बापाचे दात फरशीवरून गोळा करावे लागले. पुढच्या आठवड्यात शिवणकाम करणारी एक आजी होती, तिचा आकडा दोन. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वाफाळता चहा सुनेच्या तोंडावर फेकला, आणि सून किंचाळत असताना स्वतःच्या सुजल्या हाताकडे बघत म्हणाली, "हा माझा नाहीच." तेव्हा कुठे वेधशाळेनं ते मनावर घेतलं. तिसऱ्या वेळी तिनं शहाणपण करून वेळेआधीच सुई काढली आणि दुसऱ्या हाताला लावली. आकडाही मुकाट्यानं त्या हातात गेला. ठरल्या दिवशी त्या माणसानं शेजारच्याचा गळा धरला, आणि दोन वॉर्डबॉयना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आणि मग छातीत कफ भरून धाकटीचा नवरा भरती झाला.

धाकटी म्हणजे तिची बहीण. आई गेल्यावर तिनंच तिला वाढवलेलं, न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवलेलं, आणि तिला कुणी नुसतं ओरडलेलंही थोरलीला खपत नसे. नवरा मात्र गरीब गाय होता. शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मुलांवर आवाज चढवायची वेळ आली की स्वतःच लाल व्हायचा. थोरलीनं त्याला सुई लावली आणि सवयीनं बोट टेकवलं.

चार.

तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडणार होते. चौथ्या दिवशी त्या बंद घरात दोघंच असणार.

"त्यांना आणखी दोन दिवस इथे राहू दे," ती धाकटीला म्हणाली.

"डॉक्टर सोडतायत ना? घर खायला उठतंय गं ताई, एकटीला."

"मग तू तरी माझ्याकडे ये."

"आजारी नवऱ्याला टाकून? तुझं आपलं काहीतरीच."

त्या रात्री तिला डोळ्यांपुढे धाकटीचे दात दिसत राहिले. हात खाली येणारच असेल तर तो इथे येऊ दे, चार माणसांत, आणि माझ्यावर येऊ दे, असं तिनं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शीर आजच सुजावी म्हणून, तासभर थेंब थेंब सोडायचं औषध तिनं सिरिंजमध्ये तसंच भरलं आणि अंगठा दाबला.

"ताई, जळतंय."

तिनं अंगठा उचलला नाही. शीर टरारून वर आली, लाली कोपराकडे चढत गेली, त्यानं उशी दातांत धरली आणि त्याचे पाय चादरीत झाडायला लागले. उगार, ती मनात म्हणत होती, घाल माझ्या तोंडावर. सिरिंज रिकामी झाली तरी तिचा अंगठा तसाच रेटलेला होता. त्याचा हात वर आलाच नाही.

"काही चुकलं का माझं?" त्यानं विचारलं.

तिनं शिरेवर बोट ठेवलं. तिथे आता काहीच नव्हतं, नुसता गरम, सुजलेला, निरुपद्रवी हात. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. धाकटी त्याचे घरी जायचे कपडे घेऊन दारात उभी होती. ती कधीपासून उभी होती, कोण जाणे.

छोट्या डॉक्टरांनी तक्त्यात खूण केली. "एक दिवस आधीच सुजली. वेधशाळा चुकली म्हणायची." ती हसली आणि हात धुवायला ड्रेसिंगच्या खोलीत गेली. मागोमाग धाकटी आत आली.

"आता घरी ने त्यांना. आता काही भीती नाही," थोरली म्हणाली. "तुला कसं सांगू, मी तुझ्यासाठीच..."

"हे बघ ना," धाकटी शांतपणे म्हणाली आणि तिनं उजवी बाही वर सारली.

त्या हाताला जन्मात कधी सुई लागली नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढली होती. थोरलीचं बोट आपसूक त्या रेघेवर गेलं.

"किती दिवस, ताई?"

थोरलीच्या बोटाला तो हात उगारलेला लागत होता, आणि दिवस एकही उरला नव्हता. धाकटीनं डावा हात मागे नेला आणि दाराची कडी लावली.