लांबीखालचा मडगार्ड

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा डावा मडगार्ड आहे. जन्मभर चाकावर वाकून उभा राहिलो. चिखल मी खायचा आणि कौतुक मात्र समोरच्या दिव्यांचं व्हायचं!

नवा होतो तेव्हा मालक मला रोज पुसायचे. एकदा छोट्या लेकीला शेजारी बसवून त्यांनी मोटार घराच्या फाटकावर घातली आणि मला भला मोठा पोचा पडला. तो ठोकून काढायचा सोडून कुणीतरी वर लांबी थापली. लांबी म्हणजे खड्डे भरायचा लगदा, वाळला की दगड. पुढे प्रत्येक ओरखड्यावर नवा थर चढला. मी इतका गुबगुबीत झालो, की उजव्या भावाशी माझं रूपच जुळेना.

मालक गेले. भेगाळलेल्या मला घेऊन त्यांची लेक गॅरेजमध्ये आली. पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरने लोहचुंबक लावून पाहिला, पण लांबीचा थर इतका जाड, की तो चिकटेना.

"आत पत्रा उरलाय की नुसता गंज, देव जाणे. कापून दुसरा बसवू," तो म्हणाला.



रंगकाम करणारी त्याची बायको पुढे झाली. "अहो, आधी बघा तरी! गरम हवेने लांबी सोडवू."

"पत्रा जास्त तापला तर वाकडा होईल."

"मी मागून तळहात लावते. सोसेना की सांगते."

"आणि हात भाजला तर?"

"तर घरची भांडी तुम्ही घासायची!"

तो समोरून गरम हवा फिरवू लागला. "थांबा!" ती म्हणाली, की हवा बंद. मग लाकडी पट्टीने तो मऊ लांबी हलकेच उचलायचा. मधूनमधून ती हात पाण्यात बुडवायची. पाण्याचं भांडं त्याने न सांगताच जवळ आणून ठेवलं होतं.

संध्याकाळी शेवटचा थर निघाला. खाली मी सबंध होतो! ना भोक, ना गंज, फक्त तो जुना पोचा. लेकीने त्यावर बोटं फिरवली. "बाबा कुणाला सांगू नको म्हणाले होते," ती हसत म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी डेंटरने पोचा सावकाश ठोकून काढला. आज मी पुन्हा चाकावर उभा आहे, त्या दोघांच्या कृपेने. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा तिला किती सोसेल ते आधी आपल्या हाताला विचारा.