पुढून आखूड, मागून बरोबर

चिमाजींना तयार शर्ट कधीच नीट बसत नसे. पोटाला झाला तर खांदे दंडावर उतरायचे आणि लांबी गुडघ्यापर्यंत यायची. खांद्याला झाला तर मधलं बटण लागायचं नाही. म्हणून भाच्याच्या साखरपुड्यासाठी त्यांच्या सुनेनं, रुपालीनं, घरीच शर्ट शिवायचं ठरवलं. चाकणच्या कंपनीत ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची.

"मोटारीच्या सीटला कव्हर बसवते, मंग मी काय अवघड हाय?" चिमाजी म्हणाले.

सासऱ्यांच्या अंगाला टेप लावायला रुपालीला संकोच वाटला. तेव्हा टेप सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, धरली आणि रुपालीनं जरा लांबून आकडे वाचले. चिमाजी मात्र फोटो काढून घेत असल्यासारखे ताठ उभे. छाती पुढे, पोट आत.

"मामा, सैल उभे राहा ना," रुपाली सासऱ्यांना म्हणाली.

"सैलच हाय की," ते श्वास न सोडता म्हणाले.

शर्ट तयार झाला. आरशासमोर चिमाजी खूश झाले आणि त्यांनी मोकळा श्वास सोडला. तसं पोट पुढे आलं, शर्टाची पुढची कड वर चढली आणि खाली लेंग्याची नाडी लोंबताना दिसू लागली. मागची बाजू मात्र जिथल्या तिथे.

"आटला का काय?" त्यांनी विचारलं.

"न धुताच?" मंजुळाबाई म्हणाल्या.

रुपालीनं पुढच्या कडेला आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवलं होतं. ते सोडता आलं असतं, पण किती सोडायचं? टेप दिसली की सासऱ्यांचं पोट पुन्हा गायब व्हायचं. शेवटी मंजुळाबाईंनी टेप पदराआड घेतली, सुनेला डोळ्यांनी खूण केली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"देहूरोडला मला एष्टी स्टँडवर ठेवून एकटं घरी कोण आलं होतं?"

"आता कुठं काढलीस ती गोष्ट? तूच बांगड्या बघत ऱ्हायलीस."

"गाडीत चढताना बायको मागं हाय का न्हाई, बघायचं न्हाई व्हय?"

"मला वाटलं, पुढं बायकांच्यात बसली आसंल."

चिमाजी हातवारे करू लागले. पोट आपल्या जागी आलं. भांडता भांडता मंजुळाबाईंनी टेप खांद्यावरून, पोटावरून खाली नेली आणि रुपालीनं हळूच पुढे होऊन आकडा पाहिला. चिमाजींना पत्ताही लागला नाही.

रुपालीनं तेवढं कापड सोडलं आणि शर्ट चारी बाजूंनी सारखा झाला. भांडण मात्र खरंच पेटलं. त्या दिवशीचं ऊन, पिशव्यांचं ओझं, शेजारणीचं हसणं, मंजुळाबाईंना सगळं आठवलं. त्यांनी अबोला धरला.

साखरपुड्याच्या दिवशी मोशीहून तिघं रिक्षानं चाकणला निघाली. वाटभर सासू-सासरे एकमेकांशी बोलले नाहीत. कार्यालयापाशी चिमाजी आधी उतरले आणि नवा शर्ट मिरवत सवयीनं एकटेच फाटकापर्यंत चालत गेले. तिथे थबकले, मागे फिरले आणि रिक्षापाशी येऊन उभे राहिले.

"उतर," ते म्हणाले. "तुला घेतल्याबिगर मी आत जानार न्हाई."

मंजुळाबाई सावकाश उतरल्या. त्यांनी नवऱ्याला पुढून पाहिलं, वळसा घालून मागून पाहिलं.

"सरळ आलाय," त्या म्हणाल्या. "चला आता, लोक बघत्यात."