तिरका गतिरोधक

नव्या रस्त्यातून सरपंच अंजलीला काय मिळणार, याचा हिशेब गावानं तिच्याआधी मांडून ठेवला होता. कोनशिलेवर नाव, हे एक. ठेकेदाराकडनं काहीतरी, हे दोन. आणि ते काहीतरी म्हणजे किती, यावर पारावर दोन तट पडले होते. शिवाय रस्ता उतरतो कुठं, तर खालच्या आळीत, तिच्याच दारात. एका बाईला एका रस्त्यात एवढं मिळत असेल तर ती तो करणारच, असं म्हणून लोक तंबाखू मळत.

अंजलीचा स्वतःचा हिशेब एका ओळीचा होता. अंगणवाडीत पाणी शिरू नये.

बावड्याच्या अलीकडचं हे गाव उतारावर बसलेलं. वर कालवा, खाली ओढा, मधून एकच गल्ली. वर टोमॅटो-ढोबळी पिकवणारे बागायतदार, खाली ओढ्याला लागून छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्यांची घरं. खालची जागा कुणाला आणि का मिळाली हे पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण पाण्यानं तो रिवाज कधी मोडला नाही.

मागच्या मे महिन्यात, लग्नाचे मांडव उतरायच्या आत, एका दुपारी आभाळच सांडलं. अंगणवाडीची सेविका सारजा पोरांना टेबलावर उभं करून, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात, तांदळाचं पोतं डोक्यावर धरून उभी होती. नंतर तालुक्याहून साहेब पाहणीला आले आणि बजावून गेले, की पुन्हा एकदा पाणी शिरलं तर इमारत बंद. मग पोरं हमरस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत. म्हणजे तीन-चार वर्षांची पोरं उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून रस्ता ओलांडणार.

म्हणून अंजलीनं ग्रामसभेत मेघनाला बोलावलं. मेघना कन्हेरीची, रस्त्याच्या कामाची अभियंता, बोलायला रोखठोक.

"पूर्वी पाऊस चार महिने सावकाश पडायचा. आता महिन्याचं काम तासात उरकतो," ती म्हणाली. "आणि तुमचा रस्ता म्हणजे थरावर थर. दर निवडणुकीला एक थर. आता तो घरांच्या उंबऱ्याच्या वर आलाय. जुने थर खोदून काढा, रस्ता खाली घ्या, मधे खोलगट करा. मोठ्या पावसात रस्ताच पाणी वाहून नेईल, सरळ ओढ्यात. फक्त मधे आडवं काही घालू नका."

सगळ्यात आधी हात वर केला सोपानतात्यांनी. वरच्या आळीचे सदस्य, टोमॅटोचे मोठे बागायतदार, आणि सभेत सगळ्यांत पुढारलेला माणूस.

"हवामान बदलतंय हे मला कुणी सांगाया नगं. बागंत रोज बघतो, फुलं गळत्यात. गावाचा आराखडा आता हवामान बघूनच झाला पायजे!"

टाळ्या पडल्या. अंजलीला क्षणभर आपल्या गावाचा अभिमान वाटला. तो तात्या खाकरेपर्यंत टिकला.

"फकस्त एक किरकोळ गोष्ट. माझ्या दारापुढं एक गतिरोधक घ्या. नातू खेळतो रस्त्यावर."

"तात्या, नातू पुण्याला असतो की."

"दिवाळीला येतो न्हाय का?"

"गतिरोधकानं पाणी अडेल," मेघना म्हणाली.

"अडंल कशाला? जरा तिरका घाला, म्हंजी वळंल."

"वळून कुठं जाईल?"

"त्ये त्याचं बघंल."

तात्यांच्या समोर छबूबाईचं घर. ती पदर खोचून उभीच राहिली. "त्याचं बघंल त्ये माझ्या चुलीत बघंल! तात्या, म्या काय तुमचं गटार हाय व्हय? सरपंचबाई, मलाबी एक पायजे. हिकडनं तिकडं वळवणारा."

गतिरोधकाला विरोध म्हणजे लेकरांच्या जिवाला विरोध, असा सभेचा सूर लागला. ज्यांच्या घरी लेकरं नव्हती त्यांचा सूर जास्त वर होता. मेघनानं अंजलीकडं पाहिलं. अंजलीनं विचार केला, दोघांचे दोन घालू, बाकी रस्ता तर खाली जाईल, आणि तसा ठराव केला. तिथंच ती चुकली. गावात दोन ही संख्या नसते. एक असतो, नाहीतर सगळे असतात.

रस्ता झाला. खोदाई झाली, मधे खोलगटही झाला, काम नेक झालं. मग ठेकेदाराच्या गवंड्याला प्रत्येक दारात चहा मिळू लागला. चहा पिऊन गवंडी उठला, की उरलेल्या सिमेंटचा एक तिरका उंचवटा मागं राही. कुणाचा डावीकडं झुकलेला, तर समोरच्याचा उजवीकडं, आणि शेजाऱ्यापेक्षा बोटभर उंच. अंजली एकेकाला अडवायला जाई, तोवर दुसरीकडं चहाचं आधण चढलेलं असे.

मेघना पाहणीला आली ती तिसऱ्या उंचवट्यावर गाडीवरून उतरली आणि ढकलत खाली आली. "ताई, हा रस्ता आहे का करंजीची मुरड?"

सप्टेंबरात एका संध्याकाळी जोराची सर आली. पाणी तात्यांच्या दारापुढून छबूबाईकडं, छबूबाईकडून पुढच्याकडं, असं गावभर पाहुणचार घेत खाली उतरलं. जिथं गतिरोधक संपत होते तिथं अंगणवाडी होती. पाणी तिच्या सगळ्यांत वरच्या पायरीला लागलं आणि पाऊस थांबला. सारजा दारात केरसुणी धरून उभी होती, जणू ती केरसुणीच पाणी थोपवणार होती.

दुसऱ्या दिवशी अंजली दारोदार फिरली. गतिरोधक काढायला कुणाचीच ना नव्हती. आधी समोरच्याचा काढा, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं. दुपारी तर सोपानतात्या स्वतःच तिच्या घरी आले, तेही तक्रार घेऊन.

"अंजलीबाई, ह्ये गतिरोधक काढा बगा. टेम्पो बारामतीला निघतो, पर गल्लीतनं भाईर पडंस्तोवर खालच्या थराची चटणी हुती. यापारी क्रेट उलटा करून दावतो मला!"

अंजलीच्या जिवात जीव आला. "तात्या, अगदी बरोबर. उद्याच फोडायला घेते. तुमच्यापासूनच सुरुवात करू."

"माझ्यापासून?" तात्या दुखावले. "माझा ठरावातला हाय. बाकीचे बेकायदा. बाकीचे काढा."

"तात्या, तुमच्यापायीच बाकीचे आले."

"मग त्येंनी माझं चांगलं घ्यायचं, वाईट कशाला घेतलं?"

 एवढं बोलून तात्यांनी चहा संपवला.

आभाळ भरलेलंच होतं. परतीचा पाऊस तोंडावर होता आणि पोलीस बंदोबस्तात गतिरोधक फोडायचे म्हटलं तर दिवाळी उजाडली असती. अंजलीनं गवंड्याला बोलावलं. अंगणवाडीच्या वरच्या अंगाला एक गतिरोधक घाल म्हणाली, चांगला उंच, तिरका.

मेघना फोनवर म्हणाली, "ताई, पाणी तुम्ही वळवाल. पण जाणार कुणाच्या तरी दारात. अंगणवाडीसमोर कोण राहतं?"

"मीच."

संध्याकाळी तिचा नवरा बुद्धभूषण बारामतीहून बँकेतून आला आणि ओलं सिमेंट बघून गाडीवरच बसून राहिला. "अगं, अख्खं गाव आपल्या दारातलं पाणी दुसऱ्याच्या दारात घालतंय. आणि तू दुसऱ्याचं आपल्या दारात?"

"दुसरं दार सांगा. सुचत असेल तर सांगा."

बुद्धभूषणनं आळीवरून नजर फिरवली. शेजारी रंगुबाईची मातीची भिंत, पलीकडं सारजाचं पत्र्याचं घर. तो गाडीवरून उतरला.

"विटा कुठं हायत?" त्यानं विचारलं. वैतागला की त्याची बँकेतली भाषा गळून पडे.

"कशाला?"

"फ्रिजखाली लावाया. का त्योबी ठराव पायजे?"

चार दिवसांनी पाऊस आला. पाणी गल्लीतून सगळ्यांना शिवत खाली आलं, नव्या गतिरोधकाला धडकलं, वळलं, आणि अंजलीच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दारानं ओढ्यात गेलं. मधे घर होतं. विटा दोन कमी पडल्या.

सकाळी सारजानं अंगणवाडी उघडली. फरशी कोरडी होती. पोरांनी समोर बघितलं, तर सरपंचबाई गादी पिळत होत्या. पोरांना फार मजा वाटली.

पारावर तंबाखू मळणं सुरूच होतं. "बघा, म्हणत न्हवतो? शेवटी सरपंचबाईनंबी सोत्ताच्या दारात गतिरोधक घेतलाच की."

तर हिशेब असा लागला. सोपानतात्यांचा उंबरा कोरडा राहिला, त्यापोटी ते दर खेपेला टोमॅटोच्या खालच्या थराचं नुकसान भरतात आणि यापाऱ्याला शिव्या देतात. छबूबाईची चूल वाचली. तिनं काही भरलं नाही, फक्त तात्यांशी बोलणं बंद केलं, म्हणजे ती फायद्यातच म्हणायची. अंगणवाडी चालू आहे. कोनशिलेवर अंजलीचं नाव तिसरं आहे, आणि ठेकेदाराकडनं तिला मिळालं ते एवढंच, त्या शेवटच्या गतिरोधकाच्या मजुरीचं बिल. फ्रिज, दोन गाद्या, गव्हाची कणगी आणि बुद्धभूषणची पाच दिवसांची रजा: हे भरणार कोण, तर खालची आळी, शेवटचं घर.